फिल्मची डावी बाजू

९ जाने.
लातूर. नणंदेचा, कमलचा, छातीचा सीटी झाला. तीन आठवडे ताप, आता थुंकीला घाण वास. डॉक्टर म्हणाले, टीबी नाही. जंतूंनी फुफ्फुसात पोकळी केली, आत पू. दात किडलेले, तिथूनच उतरले असतील. सहा आठवडे औषध. पोकळी आटली नाही तर ऑपरेशन, नांदेडला.
ह्यांच्या वेळी सीटी झालाच नाही. न्यूमोनिया म्हणाले, चौथ्या दिवशी सगळं संपलं.

१६ जाने.
उदगीर. घरी आणलं. इंजेक्शनला सिस्टर येते. दवाखान्यात व्यायामवाल्या बाईंनी सांगितलंय : खराब बाजू वर करून कुशीवर निजवा, पू सुटून खोकल्यातून पडेल.
रिपोर्ट इंग्रजीत. फिल्म खिडकीला धरली. डाग डावीकडं, स्पष्ट. उजव्या कुशीवर घातलं.
"वहिनी, दुखायलंय तर हिकडं, उजवीकडं."
"दुखणं कुठंही सरकतं. फोटो खोटं बोलतो का?"
"बरं बाई. तुमी वाचणाऱ्या."
माझी शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळं ह्यांनी वाचनालयातून आणून दिलेल्या पुस्तकांवर. सासरी त्याचं फार कौतुक.

२१ जाने.
संध्याकाळी ताप पुन्हा. खोकला कोरडा, काही पडत नाही. दिवसातून तीनदा, तासभर त्याच कुशीवर. रडते, पण कूस बदलत नाही.

२५ जाने.
सिस्टरनं बाहेरच्या खोलीत बोलावलं. "मावशी, तिला उलटं का निजवायलाव?" फिल्म दाखवली. आधी हसली, मग फिल्म स्वतःच्या छातीसमोर धरली. "समोर उभ्या माणसासारखं बघायचं असतंय हे. तिची उजवी, आपली डावी." कोपऱ्यातलं इंग्रजी अक्षर उजव्या बाजूची खूण. मी ते मशीनच्या कंपनीचं समजले होते.
नऊ दिवस.
कमलला म्हटलं, डॉक्टरांनी आता बाजू बदलायला सांगितलीय. अर्ध्या तासात वाटीभर… लिहवत नाही.

२ फेब्रु.
ताप कमी. दोन घास जास्त जेवली. "वहिनींनी वाचवलं," शेजारणीला सांगत होती. मी आत भांडी घासत बसले. घासलेलीच.

२० फेब्रु.
लातूर. दुसरा सीटी झाला. बाकावर बसून लिहितेय. येताना जीपमध्ये सांगून टाकलं. नऊ दिवस चुकीच्या कुशीवर, माझ्यामुळं. आता पोकळी तशीच निघाली तर…
तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "मला म्हाईत होतं की. दुखणं माझं हाय."
"मग बोलली का नाहीस?"
"बोलले की एकदा. तुमी न्हाई म्हणलाव. भाऊ गेल्यावर घरात दुसरं कोण हाय सांगणारं?"
रिपोर्टला अजून तासभर. माझ्या खांद्याला टेकून खोकतेय. खोकला ओला आहे का कोरडा, ह्या गर्दीत नीट कळत नाही.