बाबांचा फोटो असलेलं दुकान

आये, ताई परवा येऊन गेली. येताना नेहमीसारखं खाजं घेऊन आली, चहा प्याली, माझ्या बायकोच्या सोलकढीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "बाबांचा आता करून टाकूया रे." काय ते तिनं सांगितलं नाही, मलाही विचारावं लागलं नाही. समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही, शरीरही मिळालं नाही, तर बारा वर्षं वाट बघून पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. ती बारा वर्षं उलटूनही आता खूप वर्षं झाली. तू होतीस तोवर हा विषय घरात काढायची कोणाची छाती नव्हती. तू गेल्यावर मी काढू दिला नाही. आता ताईचं वय झालं, गुडघे दुखतात, तिला हे मागे ठेवून जायचं नाही. तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. पण तिला उत्तर द्यायला गेलो की मध्ये तू येत होतीस, म्हणून तुला लिहायला बसलो.

बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. समुद्र शांत होता. ते छोटी होडी घेऊन एकटेच गेले आणि दुसऱ्या दिवशी होडी वेंगुर्ल्याच्या बाजूला रेतीत लागलेली मिळाली. आत जाळं होतं, नीट घडी घातलेलं. वाडीतले सगळे म्हणाले, तोल जाऊन पडले. तू जाळ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "पडलेलो माणूस जाळा घडी करून ठेवता काय?" तुझ्याकडे एवढा एकच पुरावा होता आणि तो तुला आयुष्यभर पुरला. जाळं टाकायच्या आधीच पडले असतील, हे माझ्या मनात तेव्हाच आलं होतं. तुझ्याही आलं असणार. तू मंगळसूत्र काढलं नाहीस, कुंकू पुसलं नाहीस. मकरसंक्रांतीला हळदीकुंकवाला तुला बोलवायचं की नाही हे बायकांना कळेना, मग त्या तुझ्या घरावरून जरा घाईनं चालायच्या. तू पायरीवर बसून कोळंबी सोलत त्यांना हाका मारायचीस.

नंतर मी बाजारपेठेत एक खोली घेतली आणि दुकानदारांच्या वेबसाइट बनवायला लागलो. काजूवाले, आमसुलंवाले, जामसंड्याचे दोन आंबेवाले. आमच्या लोकांना दुकान थाटायचं माहीत होतं, पण गिऱ्हाईक समोर नसलेलं दुकान ही गोष्ट काही केल्या पटत नव्हती. एक आंबेवाला साइट सुरू झाल्यावर रोज सकाळी माझ्या खोलीत यायचा, मॉनिटरला उदबत्ती ओवाळायचा आणि अर्धा तास समोर बसायचा. कोणी आला आणि आपण दुकानात नसलो तर बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. तू मला हसायचीस. "कल्ले उघडून बघल्याबगर माशे कोण घेता रे? तुझी गिऱ्हायका काय आंधळी आसत?" माझ्या कामाला तू काम म्हणत नव्हतीस, "ता तुझा खेळणा" म्हणायचीस.

आणि मग एक दिवस बाजार उठल्यावर मासळीची रिकामी पाटी घेऊन तू माझ्या खोलीच्या जिन्यात येऊन बसलीस. घामानं कुंकू कपाळावर उतरलेलं. म्हणालीस, "ह्या मुंबैत दिसता?"

"दिसता."

"आणि थय गुजरातेत? वेरावळाक?"

"नेट आसला तर खंयय दिसता गो."

"मगे माझाय एक कर. सुक्या माशांचा."

मी इतका खूश झालो की वेरावळ का, हे विचारलंच नाही. आपल्याकडचे खलाशी तिकडे ट्रॉलरवर जातात, वर्षानुवर्षं राहतात, काही तिकडेच दुसरं घर करतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला वाटलं, आईला माझं काम पटलं.

मी जीव ओतून ती साइट केली. पांढऱ्या चादरीवर सुके बांगडे, सोडे, गोलमो मांडून फोटो काढले. बाकीच्यांच्या साइटवर असतं तसं "आमच्याविषयी" हे पान केलं. तू बाबांचा फोटो दिलास, होडीला हात टेकून उभे असलेले, बनियन घातलेले, उन्हानं डोळे बारीक केलेले. खाली मी लिहिलं, आमचे वडील कै. अमुक अमुक यांनी अनेक वर्षं मासेमारी केली, तोच वारसा आम्ही चालवत आहोत. असली वाक्यं मला सहज यायची, सगळ्यांना तीच लिहून देत होतो. तू मॉनिटरसमोर वाकलीस आणि अक्षरांवर बोट ठेवून वाचायला लागलीस. बोट एका जागी थांबलं.

"मेल्या, ह्या काय लिवलंस?"

"खंय?"

"हय. चवथी शिकलंय मी, माका कळता. पूस ता."

"आये, पण लोकांका काय सांगूचा मगे?"

"लोकांका सुके बांगडे देवचे. तुझ्या बापाशीचा तेंका काय करूचा आसा? आणि हय फोन नंबर घाल. मोठो घाल, तेका चष्मो लागलो आसतलो आता."

तेव्हा मला कळलं की दुकान कशासाठी मांडायचं आहे. मला राग आला. सहा-सात वर्षं मी घरात मोठा पुरुष म्हणून वावरत होतो, आणि ही बाई एका घडी घातलेल्या जाळ्यावर विसंबून मला कामाला लावते. मी म्हणालो, "आये, तो जित्तो आसात तर आमका टाकून गेलो असो अर्थ होता. कळता मां तुका?" तू पाटी उचललीस, चुंबळ डोक्यावर नीट केलीस आणि शांतपणे म्हणालीस, "टाकून गेलो तर गेलो. खंय तरी आसा मां?" मी ते 'कै.' पुसलं. फोन नंबर मोठा केला.

साइट सुरू करायच्या दिवशी तू वाडीतल्या म्हाताऱ्या गावकाराला गाऱ्हाणं घालायला बोलावलंस. मॉनिटरसमोर नारळ, विडा, आणि जिन्यापर्यंत माणसं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या झिलान आवशीचा दुकान ह्या यंत्रात मांडल्यान आसा. तेका येस दी रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." "सुक्या माशांका गिऱ्हाईक लागांदे, पार्सल फुटा नये, वास भायर येवा नये रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." लोक हसत होते. तू पुढे झालीस आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलंस. त्यानं वाकून नारळ सरळ केला. मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि ह्या घरातलो जो कोण मनिस भायर आसा, तेच्या नदरेक ह्या पडांदे, आणि तेका घरची वाट दाखव रे म्हाराजा." तू एकटीच म्हणालीस, "व्हय म्हाराजा." मग बाकीच्यांचे आवाज आले, मागाहून, एकेक करून. माझा आला की नाही ते मला आठवत नाही.

दुकान चाललं, हे खरं. मुंबईतले आपले लोक मनीऑर्डरी पाठवायचे. कुरियरवाला कुरकुरायचा, "काकी, काल गाडयेत एका न्हवऱ्याचो सूट होतो. तो आता बांगड्याच्या वासान लग्नाक उभो ऱ्हवतलो." तू म्हणालीस, "बरा झाला. न्हवरी भुकेन तरी जवळ येतली." नळावर एक शेजारीण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "हिचो घोव कॉम्पुटरात ऱ्हवता." तू कळशी भरता भरता म्हणालीस, "ऱ्हवता तर ऱ्हवता. तुझ्या घोवासारखो दारवेच्या दुकानात तरी ऱ्हवणा नाय." घरी येऊन तू मला हे सांगून पोट धरून हसलीस, आणि हसताना मध्येच थांबून विचारलंस, "आज कोण इलो?"

हे तू रोज विचारायचीस. साइटवर मागणीचा फॉर्म होता, नाव, पत्ता, काय हवं ते. पुष्कळ लोक नुसतंच बटण दाबून बघायचे, मग कोरे फॉर्म यायचे. मला त्यांचा कंटाळा आला, म्हणून नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही असं करून टाकलं. दोन दिवसांत तू मला पकडलंस. कोरे का येत नाहीत? मी समजावलं. तू म्हणालीस, "आणि ज्याका नाव सांगूक लाज वाटता, तो काय करतलो?" मी ती अट काढली. कोरे फॉर्म पुन्हा यायला लागले आणि तू ते माझ्याकडून वाचून घ्यायला लागलीस. "अगो, कोऱ्यात काय वाचू?" "कितक्या वाजता इलो ता वाच." मी वेळ सांगायचो. तू मनाशी हिशोब करायचीस. "त्या वक्ताक तो समुद्रात आसतलो. ह्यो नाय." आणि कधीतरी, "ह्या वक्ताक जाळी सुकत घालतत," एवढंच म्हणून भाताचं आधण बघायला उठायचीस. त्या दिवशी जेवताना तू जास्त बोलायचीस. मला त्या कोऱ्या फॉर्मांची भीती वाटायला लागली होती. दुसऱ्यांच्या साइटवर तसा एखादा आला तरी मी आधी वेळ बघायचो.

तू गेलीस तेव्हा बाहेर तिरडी बांधत होते आणि आतून माझी काकी दारात आली. तिला विचारायला जड जात होतं. "झिला, काय नेसवू? हिरवा नेसवू काय..." नवरा असताना गेलेल्या बाईला हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट. नाहीतर नाही. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बाबा जिवंत आहेत की नाहीत, हे गावानं मला पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि अंगणात माणसं खोळंबली होती. मी म्हणालो, "हिरवा." तुझी ओटी भरली. ज्या तुझ्या घरावरून घाईनं जायच्या, त्यांनीच तुझ्या कपाळाला कुंकू लावलं. तेव्हापासून दर वर्षी पितृपक्षात नवमीला तुझं सवाष्णीचं पान वाढतो. बाबांचं वाढत नाही. वाढायचं कुठल्या तिथीला?

मी बरोबर केलं का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. माझी श्रद्धा होती म्हणून मी हिरवं म्हणालो नाही. तुला त्या क्षणी विधवा करण्याइतका मी खंबीर नव्हतो, एवढंच. पण ते म्हटल्यावर बाबा माझ्या शब्दानं जिवंत झाले आणि त्यांची वाट बघायचं काम माझ्याकडे आलं. तू होतीस तेव्हा मी स्वतःची समजूत घालू शकत होतो की कुठल्यातरी बंदरातला खलाशी कशाला कॉम्प्युटर बघायला जातो. आता प्रत्येक खलाशाच्या खिशात फोन आहे. मी साइट फोनवर नीट दिसेल अशी करून घेतली, म्हणजे मीच त्यांची ती सबबही काढून घेतली. ते असतील तर त्यांनी ते पान बघितलं असेल. स्वतःचा तरुण फोटो, खाली मोठा नंबर. आणि बघून बंद केलं असेल. फोटोतल्या त्यांच्यापेक्षा मी आता वयानं मोठा आहे. त्या चेहऱ्याकडे बघताना, ते मेलेले असावेत असं मला वाटतं. तुला हे आवडणार नाही. पण तुला जे चालत होतं, कुठंतरी असणं, ते मला चालत नाही.

काल मी भटजींकडे गेलो. विचारलं, तिथी माहीत नसली तर? ते म्हणाले, "विधी ज्या दिवशी करू तोच दिवस मृत्यूचा धरायचा. त्याआधीचं काही बघायचं नाही." मी पुन्हा विचारलं, आई आधी गेली आहे, सवाष्ण म्हणून. ते म्हणाले, "मग ती सवाष्णच. तिला काही बाधत नाही." मला एकदम हलकं वाटलं, आणि असं हलकं वाटावं याची लाजही वाटली. येत्या अमावास्येला बाबा जातील, तुझ्यामागून इतक्या वर्षांनी. मी होकार देऊन आलो. ताईला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, जेवायला किती माणसं सांगायची ते बघ.

फोन ठेवल्यावर मी खोलीवर गेलो आणि तुझी साइट पुढच्या वर्षासाठी चालू ठेवली. तिथं विकायला आता काही नाही. बाबांचा फोटो आहे, आणि नंबर आहे, आता माझा. हे ताईला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. हा कागद कुठं जायचा नाही म्हणून तुला सांगतो.