सुभेदाराला वन्स मोअर

बाबा, काल आईचा तो वांगी रंगाचा शालू कपाटातून काढला आणि काठावरचा डाळीचा डाग बघून एकटीच खो खो हसत बसले. चाळीस वर्षं होत आली. ड्रायक्लीनर बदलले, मी अमेरिकेतच एडिसन सोडून कॅरीला आले, पण डाग आहे तिथेच आहे. तुम्हाला जाऊनही बरीच वर्षं झाली म्हणा. तरी हे तुम्हालाच सांगायला हवं, कारण त्या डागामागची गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत होती.

सरदार काका आपल्याच रस्त्यावर, चार घरं सोडून. तुम्ही दोघं एकाच ऑफिसात. एक आठवडा आपली गाडी, एक आठवडा त्यांची. सकाळी सातला त्यांचा हॉर्न दोनदा वाजायचा आणि तुम्ही तोंडात टोस्ट धरून पळायचात, एक हात कोटात, एक बाहेर. मग चौऱ्याऐंशीचा तो नोव्हेंबर आला. दिल्लीत शिखांविरुद्धच्या दंगलीत त्यांच्या बहिणीचं घर जाळलं. माणसं वाचली, एवढंच. तुम्हाला काय बोलावं ते सुचेना, म्हणून तुम्ही काहीच बोलला नाहीत. फोन नाही, जाणं नाही. हॉर्न बंद झाला. दोन गाड्या पुढेमागे त्याच ऑफिसात जायला लागल्या. आई वैतागायची, "अहो, चार पावलांवर घर आहे. नुसते जाऊन बसा. बोललंच पाहिजे असं कुठे आहे?" तुम्ही म्हणायचात, "बघू." तुमच्या त्या 'बघू'चा मला इतका राग यायचा ना, बाबा! अकरा वर्षांची होते, पण एवढं कळत होतं की तुमचा मित्र दुरावत चाललाय आणि तुम्ही टीव्हीवर फुटबॉल बघताय. फुटबॉल! तुम्हाला नियमसुद्धा माहीत नव्हते.

शेवटी आले ते सरदार काकाच. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही कोशिंबिरीची काकडी चोचवताय, आणि ते स्वयंपाकघराच्या दारात उभे. "भाईसाहब, एक काम था." गुरुद्वाऱ्यातल्या रविवारच्या शाळेचं नाटक होतं. गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीची. लाहोरचा मुघल सुभेदार शिखांच्या हात धुऊन मागे लागतो. ते जंगलात निघून जातात, फौज थकते, आणि शेवटी हाच सुभेदार हात टेकतो आणि त्यांना नवाबीची पदवी पाठवतो. मुलं तयार होती, पण सुभेदार व्हायला एकही बाप राजी नव्हता. त्या वर्षी तर नाहीच नाही. आईचं लाटणं थांबलं. "यांनी करायचं? आत्ता? लोकांना काय वाटेल?" काका तुमच्याकडेच बघत होते. "आप गणपती के नाटक में इतना चिल्लाते हो. हमारे लिए भी चिल्ला दो." तुम्ही सुरी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "करतो." मी विचारलं, "बाबा, आर यू द बॅड गाय?" तर म्हणे, "व्हेरी बॅड." किती महिन्यांनी हसलात तेव्हा.

मग काय, गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनला शिखांचं सैन्य समजून तालमी. आईच्या शालूचा अंगरखा, बावीस सेफ्टी पिना, काजळाच्या मिशा. "माझ्या शालूला भोक पडलं तर लाहोरलाच जा राहायला," आईने बजावलं होतं.

गुरुद्वाऱ्याच्या खालच्या हॉलमध्ये सगळे डोकी झाकून बसलेत. आपल्या मराठी मंडळाचे लोक तुम्हाला बघायला दोन गाड्या भरून आलेत. तुम्ही येता. काय ते येणं, बाबा! तलवार जमिनीवर आपटून तुम्ही फर्मान काढता, की एकेका शिखाला जंगलातून ओढून आणा, एकही सुटता कामा नये. आवाज असा की माझ्या अंगावर काटा. पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बीबीजी पदर तोंडाला लावून बसल्यात. आणि तेवढ्यात आपल्या लोकांतून खणखणीत आरोळी येते, "वन्स मोअर!" लगेच मंडळाचे अध्यक्ष काका सवयीने तेच ओरडतात. मागून आणखी दोघं.

मेलो आपण! त्या फर्मानाला वन्स मोअर! तेही त्या वर्षी, त्या लोकांसमोर! सगळा हॉल वळून आपल्याकडे बघतोय. आईने डोळे मिटून घेतलेत. एक सरदारजी उठून उभे राहिलेत. मला वाटलं, संपलं, आता हॉर्न जन्मात वाजायचा नाही. आणि तुम्ही हळूच स्टेजच्या कडेला आलात, कमरेवर हात ठेवून म्हणालात, "फिर से बोलूँ? अरे, एक बार बोला तो मेरी फौज बरसों से जंगल में मच्छर खा रही है! एक सिंह हाथ नहीं लगा! ना बाबा ना, मेरे से नहीं होगा!"

पहिल्या हसल्या त्या बीबीजी. मग जे हसू फुटलं! उभे राहिलेले सरदारजी तर मांडीवर थापा मारत खाली बसले. पुढे नाटकात तुम्ही पाठवलेली पदवी कोणी घेईना. हा म्हणे मला नको, तो म्हणे मला नको. शेवटी ती संगतीला, म्हणजे जमलेल्या भाविकांना, पंखा घालणाऱ्या साध्या सेवेकऱ्याला दिली, म्हणजे ते काम करणाऱ्या सरदार काकांना. ते म्हणाले, घेतो, पण घोड्यांची लीद काढायचं माझं काम काढून घ्यायचं नाही. टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं.

नंतर लंगरला तुम्ही मिशांसकट पंगतीत बसलात. बीबीजींनी स्वतः डाळ वाढली, "खाओ सूबेदारजी, थक गए होंगे." तुमचे डोळे भरले, वाटी कलंडली आणि डाळ शालूवर. शेजारी काका होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "बहन कैसी है?" पाच महिन्यांनी. ते बराच वेळ सांगत राहिले आणि तुम्ही जेवायचं विसरून ऐकत राहिलात.

सोमवारी सातला हॉर्न वाजला. दोनदा. तुम्ही टोस्ट टाकून पळालात.

त्या आरोळीवरून तुम्ही अध्यक्ष काकांना मरेपर्यंत छळलंत. बिचारे शपथा घ्यायचे, "अहो, पहिला मी नव्हतो!" नव्हतेच ते, बाबा. गणपतीत तुम्हाला मिळतो तसा वन्स मोअर तिथेही मिळायला हवा, असं मला वाटलं. ओरडले आणि आईच्या पाठीमागे दडले. काल शालू मांडीवर घेऊन सरदार काकांना फोन केला. पंच्याऐंशीचे झालेत, आवाज तसाच. सगळं कबूल केलं. ते हसले आणि म्हणाले, "मालूम है, बेटा. मैं पंखा लेकर विंग में खड़ा था, सब दिख रहा था. तेरे बाप को नहीं बताया, तुझे डाँटता."

हे पत्र घडी करून शालूत ठेवतेय, डागाशी. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. सांगायचं राहिलं होतं ते तुम्हालाच.