लसीचं पहिलं घर

प्रिय दिव्यानी,

मिथुनभाऊ उद्या सकाळच्या बसनं तुझ्या माहेरी येऊन राह्यले, त्यायच्याच हातानं हा कागद पाठवते. फोन केला असता, पण तू माझा फोन उचलून नाई राह्यली. आणि उचलला असता तरी मी इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला असता. मले मी चांगली माहीत आहे. कागदावर तसं पळता येत नाई. फाडायचा असंल तर फाड, पण पूर्ण वाचून फाड.

आधी सभेचं सांगते, कारण पहिल्या सभेनंतर तू माहेरी गेली, तुले कोणी धड सांगतलं नसंल. सोमवारी सकाळी समाजमंदिरापुढं पुन्हा गाव बसणार आहे. कोलूभाऊ घरोघरी फिरून राह्यले. त्यायचं म्हणणं एकच, लस टोचायच्या आधी गावात एक कोंबडी मेली नव्हती आणि टोचल्यावर आठ दिवसांत दीडशे मेल्या. तर दिव्यानीची लसीची पेटी काढून घ्या, पशुसखीचं काम दुसऱ्या कोणाले द्या, आणि पेटीवाली कोणतीही बाई यापुढं दारात उभी करू नका. तुझ्या सासूबाई तर त्याच्याही पुढं गेल्या. सभेत तुझी चूक ठरली तर तुले घरात घेणार नाई, असं सोनीबाई हापशीवर चार बायांसमोर बोलल्या. मिथुनभाऊ, तुझा नवरा असून, तिथंच पाण्याचा गुंड भरत उभे होते, आईले थोपवायचं सोडून भरला गुंड घेऊन घरी निघून गेले. मले त्यायची कीव येते आणि रागही येते.

कोलूभाऊवर मात्र मले रागावता येत नाई. त्यायचा तो झुंजीचा लाल कोंबडा तुले माहीत आहे, पोटच्या पोरासारखा वाढवला होता. तो मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागला तर दोन दिवस मांडीवर घेऊन बसले, चमच्यानं पाणी पाजलं. मेल्यावर त्यायनं त्याले नाल्यात नाई फेकलं, बांधावर खड्डा करून पुरलं. साठ वर्षांचा माणूस मी पहिल्यांदा रडताना पाह्यला. गावात आता सकाळी कोंबडा आरवत नाई, दिव्यानी. लोक मोबाईलचा अलार्म लावून उठून राह्यले.

माझं खुराडंही रिकामं झालं. बावीसपैकी एक चितरी राह्यली. तीच, जिनं आमच्या ह्यायच्या हेल्मेटात अंडे घातले होते. तेव्हा माझ्याकडं दोनच कोंबड्या होत्या आणि तू नवीन नवीन ट्रेनिंग करून आली होती. मी अंडे टोपल्यात हलवायले निघाली तर तू हात धरला, म्हणाली, बसू द्या ताई, उठवली तर सोडून देईल. एकवीस दिवस हे बिनाहेल्मेटचे चिमूरले गेले. एकदा पोलिसानं अडवलं तर ह्यायनं खरं कारण सांगतलं, तो हसून हसून बेजार झाला, चलान नाई फाडलं. तू फोनचा टॉर्च अंड्याखाली धरून आतली लाल नस मले दाखवली होती, तेव्हा मी तुझा हात किती वेळ सोडला नव्हता. दहा पिल्लं निघाले. दोन घारीनं नेले, एक मुंगसानं. मी रडली तर तू म्हणाली, जंगलाजवळ राह्यतो तर जंगलाचा वाटा द्यावाच लागते. तुझ्यामुळं मी कोंबड्या पाळायले शिकली, हे मी कोणाजवळही सांगीन.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

लस टोचली त्याच्या आदल्या शुक्रवारी माझा भाऊ अश्विन आला होता. एकटा नव्हता आला. टोपल्यात झाकून आईच्या सहा कोंबड्या घेऊन आला होता. वरोऱ्याकडं आईच्या गावात कोंबड्यायचा मानमोडीचा रोग आला होता. आमच्याकडं पहिल्यापासून असंच करतात. रोग आला की ज्या कोंबड्या चांगल्या दिसतात त्या टोपल्यात घालायच्या आणि लेकीच्या नाईतर बहिणीच्या गावाले धाडायच्या. आजीनं केलं, आईनं केलं. आपल्या गावातले निम्मे घरं असंच करतात, तुले माहीत आहे, म्हणूनच तू त्याच्यावरून इतकी भांडत होती. बाहेरून आणलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवा, असा कागद तू माझ्याच भिंतीवर चिकटवला होता. तो अजून तिथंच आहे.

पण आईनं निरोप धाडला होता, बाई, एवढ्या सहाच वाचव. माझ्या आईचं, गिरजाबाईचं घर म्हणजे काय आहे, तू पाह्यलं आहे. बाबा गेल्यावर ती त्या कोंबड्यायशीच बोलते. माझ्याच्यानं त्या वेगळ्या बांधवल्या नाईत. संध्याकाळी माझ्यायतच सोडल्या, एकाच खुराड्यात.

शनिवारी दुपारी त्यायच्यातली काळी एका कोपऱ्यात पंख पाडून बसली. हिरवं पातळ हगत होती आणि मान एका बाजूला ओढत होती. मी ओळखलं. ओळखलं नाई असं मी आता म्हणणार नाई. मग मी तेच केलं जे सगळे करतात, मरायच्या आत कापली. पिसं चुलीत जाळली आणि रस्सा केला. रविवारी टोचणं संपवून तू माझ्याच घरी जेवायले बसली, दोन भाकरी खाल्ल्या, रस्सा चांगला झाला म्हणाली, आणि विचारलं, कोंबडी काऊन कापली ताई. मी म्हटलं, भाऊ आला होता ना. ते खोटं नव्हतं. मले स्वतःच्या हुशारीचं बरंसुद्धा वाटलं तेव्हा.

परवा मी चिमूरले जाऊन जनावरायच्या एका डॉक्टरले विचारून आली. माझं नाव सांगतलं नाई, शेजारणीची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, रोग आत शिरलेल्या कोंबडीले टोचलं तर ती दोन-चार दिवसांत जातेच, आणि तीच सुई पुढच्या घरी गेली तर रोगही संगं जातो. तुझ्याकडं चारच सुया होत्या, उकळून आणलेल्या. पहिली सुई माझ्या घरी चालली आणि तीच पुढं कोलूभाऊच्या घरी. म्हणजे गाव म्हणते ते अर्धं खरं आहे, दिव्यानी. सुईनंच नेला. पण सुईत तो माझ्या खुराड्यातून चढला.

पहिल्या सभेत कोलूभाऊनं सगळ्यायले विचारलं होतं, लसीच्या आधी कोणाची कोंबडी झिमली, पंख पाडून बसली होती का, सांगा. तेव्हा तू मागं वळून माझ्याकडं पाह्यलं. तुले काही माहीत नव्हतं, तू फक्त आपलं माणूस शोधत होती. आणि मी पदर सारखा करत खाली पाहत बसली. हे सहा कोंबड्यायपेक्षा मोठं पाप आहे, आणि त्याची मले इतकी लाज वाटते की तुझ्या घरावरून जायचं सोडून मी दुसऱ्या गल्लीनं जाते.

काल रात्री ह्यायले सगळं सांगतलं. ते जेवले नाईत. सकाळी एवढंच म्हणाले, गाव आपल्या दारात येईल, समजून घे. मी समजून घेतलं आहे. कोलूभाऊ मले काय बोलतील, बाया हापशीवर पाणी भरू देतील का, आईचं नाव कसं निघंल, सगळं डोक्यात फिरून राह्यलं. तरी सोमवारी मी उभी राहून बोलणार. तू ये. माझ्यासाठी नको येऊ, तुझ्या पेटीसाठी ये. आणि तिथं पोचून मी मागच्यासारखीच मुकी झाली तर हा कागद तू सगळ्यायसमोर मोठ्यानं वाच, मिथुनभाऊले आणि सोनीबाईले पहिल्या रांगेत बसवून. त्यासाठीच लिहिला आहे, आणि त्यासाठीच खाली पूर्ण नाव टाकते. एक गोष्ट राह्यली, ती तुले आणि मलेच माहीत आहे, गावालेही माहीत व्हावी. त्या रविवारी माझ्या दारात सुई भरायच्या आधी तू विचारलं होतं, सगळ्या बऱ्या आहेत ना ताई, नाईतर आज तुमचं घर सोडून देते. मी म्हटलं, बऱ्या आहेत, टोच.

तुझीच,
सरिताताई
(सरिता प्रफुल रामटेके)