कडे बुजण्याआधी

प्रति,
मा. कृषी अधिकारी,
रफराफ, ट्युनिशिया

विषय : द्राक्षवेल उपटण्याची नोटीस रद्द होऊन वेलीवर उपचार मिळणेबाबत.
संदर्भ : आपली दि. २ जूनची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार मब्रूका अय्यारी, विधवा. माझ्या अंगणातील वेलीची पाने भर हंगामात लाल पडतात, सबब रोग समजून ती पंधरा दिवसांत उपटावी, असा आपला आदेश आहे. तो रोग नाही. अपराध माझा आहे.

२. मणी भरावेत म्हणून आमच्याकडे खोडाच्या सालीचे बारीक कडे गोल सोलून काढतात. पानांतली साखर मुळाकडे न जाता घडात उतरते. महिन्याभरात कडे आपोआप बुजते. तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा नौफल याने कडे काढले, चाकू पुसून माझ्या हाती दिला आणि म्हणाला, "यम्मा, हे बुजायच्या आत येतो." त्याच दिवशी तो होडीने समुद्रापार गेला. तेव्हापासून निरोप नाही.

३. कडे मी बुजू दिले नाही. दर शुक्रवारी त्याच्या वाटणीचे कुसकुस काढून ठेवते आणि नवी साल खरवडते.

४. नोटिशीनंतर पाहणीस आलेल्या आपल्या तपासनीस दुर्राबाई पान चुरगाळून म्हणाल्या, "मावशी, पानं उपाशी नाहीत, गच्च भरलीयत. खाली वाट नाही म्हणून साखर करायचीच सोडलीय त्यांनी. उपाशी आहेत ती मुळं." ते ऐकल्यापासून मला घास उतरत नाही.

५. मी त्याच दिवशी चाकू पेटीत टाकला. पुढल्या शुक्रवारी कडे ताजे खरवडलेले आढळले. फाटकास कुलूप होते, पेटीची किल्ली माझ्या गळ्यात. शेजारी राहणारे हसूना म्हणतात, म्हातारीला विसर पडतो. पडत असेल. परंतु कापण्याची तऱ्हा नौफलची होती, डाव्या हाताची. मला भीती वाटते, आणि पुढल्या शुक्रवारची वाटही पाहते.

६. सबब विनंती की, वेल उपटू नये. जाणता माणूस पाठवून कड्याच्या वरच्या व खालच्या सालीस जोडणारा काड्यांचा पूल बांधावा, म्हणजे मुळांना खायला मिळेल. मात्र समुद्राकडील बाजूस बोटभर जागा उघडी सोडावी, व ती आपल्या कार्यालयाने दर शुक्रवारी खरवडून उघडी ठेवावी. माझ्या हातून आता होणार नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
मब्रूका अय्यारी (अंगठा)
दि. ११ जून

सोबत :
१. नोटिशीची प्रत
२. लाल पाने, दोन
३. चाकू, एक. वरील कामासाठी. नौफल आल्यावर त्याला परत द्यावा.