चालत्या यंत्रणेचा आकडा

२ मे १९९९, सांगली
जतकडच्या टँकरच्या मागण्या टेलिफोनवरून कचेरीतल्या संगणकावर येतात. तो विहीर आणि टँकर जुळवून हुकूम काढतो. एका वेळी चार मागण्या हाताळतो, बाकीच्या रांगेत. रांग वाढली, तर साहेब म्हणाले चाराच्या आठ करा. आकडा बदलायला यंत्रणा बंद करावी लागते. केली. रांगेतलं सगळं पुसलं गेलं. त्यात माझ्या ताईच्या गावाचीही मागणी.
ताई मांडीचं हाड मोडून खाटेवर. हलवता येत नाही. प्रोग्रॅम तिच्याच मुलीने, रेखाने लिहिलेला. आईची मागणी पोरीने स्वतःच्या हाताने पुसली. जेवली नाही.

४ मे
रेखाने आणि मी मार्ग काढला. आता आकडा चालू यंत्रणेतच बदलतो, काही पुसलं जात नाही. साहेब इतके खूश की एकदम सोळा. कॉन्व्हेंटमध्ये न तपासता असा आकडा लिहिला असता, तर सिस्टरनी बाकावर उभं केलं असतं.
आता सोळाही मागण्या अर्धवट पडून. डिस्क नुसती खरखरते. मी ट्रंक एक्स्चेंजला होते तेव्हा नवी मुलगी सगळे कॉल एकदम घ्यायची, मग कुणाचंच बोलणं व्हायचं नाही. साहेबांना सांगितलं. म्हणाले, "बाई, तुमचा जमाना गेला." गेला खरा. त्या जमान्यात फोन लागायचे.

५ मे
ताईच्या गावच्या ग्रामसेवकाचा फोन. टँकर नाहीच. शेजारीण आपल्या घागरीतलं तांब्याभर ताईला देते. किती दिवस देईल?
मी त्याच्यावरच तडकले, मागणी पुन्हा का नाही पाठवली? तर म्हणाला, "रोज धाडतोय की बाई. पोच न्हाई आली की स्मरणपत्र. सगळीच गावं धाडत्यात."
सरकारी सवय! संगणकाला प्रत्येक स्मरणपत्र म्हणजे नवी मागणी. सोळामुळे पोच उशिरा, म्हणून स्मरणपत्रं, म्हणून रांग. आणि रांग बघून साहेब म्हणणार, वाढवा.
रेखाला विचारलं, स्मरणपत्रं वेगळी काढता येतील का? "येतील, मावशी. पण लिहायला वेळ लागेल. आईकडे आहे का तेवढा?"

६ मे
साहेब मिरजेला बैठकीत. आकडा तीनवर आणला, थोड्याच घेतल्या तर पुऱ्या तरी होतील. कळ मीच दाबली. हातातल्या सोळा उरकेपर्यंत संगणक नवीन काही घेईना. रांग आणखी फुगली. आपणच गावं मारली की काय...
तेवढ्यात साहेबांचा फोन. रांगेचं कुणीतरी कळवलंय. वीस करा. मी करणार नाही म्हटलं. तसेच निघालेत.

दुपारी
हुकूम निघू लागले. एकामागून एक. पोचही जातायत. ताईचं गाव अजून नाही. रांगेत कुठे अडकलंय, दिसत नाही.
बाहेर जीप थांबली. रेखा आत संगणकावर; साहेबांनी आकड्याला हात लावू नये म्हणून मी दारातच खुर्ची टाकून बसले आहे.
"मावशी, ओरडले तर?"
"ओरडू देत. तू मागे बघू नकोस."