माझ्या वाट्याचं हसू

४ फेब्रुवारी, बुधवार

आज शूटिंगला ढब्बूला पुन्हा टाळ्या. वाक्य माझं! "मी इतका भिडस्त, की घरात चोर शिरला तर आधी पाणी विचारीन." भिडस्तचं त्याने भित्रा करून टाकलं, तरी लोक लोटपोट. नववीत आम्ही दोघांनी बरोबरच शाळा सोडली. या विनोदी कार्यक्रमात आलोही बरोबरच. आता तो पडद्यावर, मी पडद्यामागे कागद खरडतोय.

वर चारचौघांत म्हणतो, "आमच्या वेलांटीमास्तरांच्या ऱ्हस्वदीर्घावर जग चाललंय!" सगळे हसले. मीही दात दाखवले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिग्दर्शिका मॅडम म्हणाल्या, "शनिवारी तुझं स्वतःचं स्किट कर. एकट्याने. चाललं तर दर आठवड्याला उभा करीन." एकट्याने! जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

जिंकलो!!

भाडेकरू घरमालकाच्या दाराबाहेर उभा राहून 'नळ दुरुस्त करा' म्हणायची तालीम करतो, असं स्किट. पाठीमागे दार-खिडकीचा सेट, समोर प्रेक्षक, त्यांत आई. पहिलं वाक्य घशातच अडकलं. दुसरं आठवेना. घामाने सदरा भिजला — आणि तेवढ्यात हशा! मग थांबलो की हशा, घाम पुसला की हशा. माझं नुसतं गप्प राहणंसुद्धा विनोदी आहे, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्या गलक्यातही आईचं हसू वेगळं ऐकू येत होतं. शेवटी उचकी लागल्यासारखा बारीक सूर असतो तिचा.

ढब्बूने पाठीवर थाप मारली. "तरलास रे मास्तर!"

तरलास? जळतोय लेकाचा.

आईशी धड बोलणं झालं नाही. ती तिथूनच परस्पर ताईच्या बाळंतपणाला गेली.

१५ फेब्रुवारी, रविवार

एपिसोड लागला. माझं स्किट नाही. शेवटची पाटी येईपर्यंत बसून राहिलो. नाहीच.

पण त्याहून भयंकर म्हणजे ढब्बूच्या चोराच्या वाक्यावर आईचं हसू! उचकीसकट! त्याचं शूटिंग बुधवारचं. त्या दिवशी आई स्टुडिओत आलीच नव्हती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

एडिटरला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "हसू रेकॉर्डिंगमध्ये कमी ऐकू आलं की इकडचं तिकडे लावतो, त्यात काय एवढं? तुझ्या स्किटला हशा खणखणीत पडला होता. चित्र तेवढं वापरण्यासारखं नव्हतं."

"का नव्हतं?"

"ते मॅडमना विचार बाबा. मला मध्ये घेऊ नकोस."

विचारायचं काय त्यात! ढब्बूने मॅडमचे कान भरले असणार. माझं तोंड कापलं, हसू ठेवून घेतलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नव्या भागाच्या वाचनाला सगळे जमले होते. बोललोच. "ढब्बू, माझ्या वाक्यांवर मोठा झालास ते झालास. निदान माझ्या आईचं हसू तरी सोडायचंस!"

मॅडम काही बोलणार होत्या. ढब्बूने हात वर करून त्यांना थांबवलं.

"चुकलं माझं, मास्तर," म्हणाला. बस, एवढंच.

मी म्हणालो, "याच्यासाठी यापुढे एक ओळ लिहिणार नाही."

मॅडम वैतागल्या. "मग कार्यक्रम चालवू कसा मी?"

ढब्बू उठला. "त्याला राहू द्या. मला दुसरीकडून बोलावणं आहेच." आणि गेलासुद्धा! म्हणजे आधीपासूनच ठरलेलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते खोटं नाही.

आता त्याची जागा माझी. मॅडम अजून तसं बोलल्या नाहीत, पण बोलतील.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आई आली. तिला सगळं सविस्तर सांगितलं. ती गोंधळूनच गेली.

"अरे, पण तुझ्या पाठीमागे खिडकीतून डोकावून तोंडं वेंगाडत होता, तो ढब्बूच ना? तू अडखळलास की तो घरमालकासारखा डोळे वटारायचा. हसून हसून पोट दुखलं माझं! आणि तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस — मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळूनच बसवलंय."