साखळीची एक कडी

प्रिय बाबा,

त्या दिवशी गाडीत कटर असता, तर पंपवाल्याचा हात वाचला असता का? डॉक्टरांना मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मलाही येत नाही. महिना झाला, फायली चाळताना, कपडे वाळत घालताना हाच प्रश्न पुढ्यात उभा राहतो. फोनवर बोलले असते, पण तुम्ही ‘जेवलीस का?’ विचारता आणि माझं अवसान गळतं.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मी अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा जीपचं दार उघडून तुम्ही सगळ्यांदेखत ‘बसा, मॅडम’ म्हणालात. सगळे हसले, मीही हसले. पण ड्रायव्हरची मुलगी म्हणून कुणी बोट दाखवू नये, ही धास्ती तेव्हापासूनच होती. म्हणून तर गाड्यांच्या तपासणीत तुमच्या सीटखालची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा मी आवाज चढवला. लांब दांड्यांचा कटर, करवतीची पाती, तेलाची बाटली, दोन नवी कुलपं. ‘सरकारी गाडीत हे चोराचं सामान कशाला?’ स्टोअरकीपर फिस्सकन हसला. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘वर फाटकं असतात, मॅडम.’ मी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. पेटी तिथल्या तिथे काढायला लावली आणि घरी येऊन आईलाही ऐकवलं, नियम म्हणजे नियम.

पंपघराच्या वाटेवरचं ते डोंगरावरचं फाटक मी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. गेल्या आठवड्यात वनरक्षकाबरोबर गेले. एकाच साखळीत वनखात्याचं, आपलं, वीजवाल्यांचं अशी कुलपं एकमेकांत ओवलेली. ज्याने त्याने आपलं उघडलं की साखळी सुटते. त्या दिवशी रस्त्याच्या ठेकेदाराच्या माणसांनी स्वतःचं कुलूप ओळीत न घालता साखळीचे दोन्ही पदर एकत्र धरून त्यांतून घातलं आणि बाकी सगळ्यांच्या किल्ल्या फुकट गेल्या. वनरक्षक सांगत होता, अशा वेळी तुम्ही कुणाच्याच कुलपाला हात लावत नसायचात. साखळीची एक कडी कापायची, तिच्या जागी आपलं नवं कुलूप अडकवायचं आणि खाली आलं की सगळ्यांना कळवायचं. ‘इतका सज्जन चोर मी पाहिला नाही, ताई,’ म्हणाला. मला हसू आलं नाही. पंपाच्या मशीनमध्ये हात चिरडलेला, दवाखान्यात न्यायचा पंपवाला जीपमध्ये मागे कण्हत असताना तुम्ही जॅक लावून फाटकाची बिजागरी उचकटत होतात. पाऊण तास.

चौकशीत विचारलं, अवजारं गाडीत का नव्हती? तुम्ही म्हणालात, ‘साफसफाईला काढली, परत ठेवायची राहिली.’ मी त्याच टेबलाशी बसले होते. माझा हुकूम तोंडी होता, कागद कुठेच नव्हता. मी समोरचं पाणी प्यायले. निवृत्तीला तीन महिने राहिले असताना तुम्हाला निलंबित केलं, आणि जिन्यात तुम्ही मला म्हणालात, ‘माझी नोकरी संपतच आलीय, तुझी आत्ता सुरू होतेय. गप्प बस.’ घरातली पहिली पदवीधर, सचोटीवरच्या भाषणाला बक्षीस मिळवलेली. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तुम्ही आत्याकडे निघून गेलात. चप्पल घालताना माझ्याकडे पाहिलंत, तेव्हा मी फाईल उघडून बसले.

ऑफिसच्या कागदावरून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. आज सकाळी मी चौकशी अधिकाऱ्यांना लेखी जबाब दिला, की पेटी माझ्या हुकमावरून काढली आणि ड्रायव्हर मला वाचवायला खोटं बोलले. स्टोअरकीपरने आढेवेढे घेत का होईना, साक्षीदार म्हणून सही केली. माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही, आता बहुतेक होणारही नाही. साहेबांना फोन करून ‘पोर लहान आहे’ असं काही सांगू नका. तिथून मी पंपवाल्याच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोलाही सगळं सांगितलं. तिने दारातच ऐकून घेतलं, आत ये म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच बोलले, पण शेवटपर्यंत बोलले.

तुमचीच,
थोरली